थडगी राक्षसांनी खोदलेली नाहीत: ‘रहस्य’ व्हिडिओ करणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत ‘अज्ञात इतिहास’, ‘न उलगडलेली कोडी’ अशा मालिका करणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

कोलंबियातल्या तिएर्रादेन्त्रोच्या भूमिगत थडग्यांचे फोटो हल्ली तुमच्याकडे वरचेवर दिसतात. काळोखात उतरणारा दगडी जिना, खाली लाल-काळ्या नक्षीची खोली, खांबावर कोरलेला चेहरा. मागे ढोल वाजतो आणि तो ठरलेला खर्जातला आवाज सुरू होतो: डोंगरात राहणारी एक संस्कृती एका रात्रीत गायब झाली. मग राक्षस येतात, परग्रहावरचे पाहुणे येतात, पाताळ येतं आणि शेवटी सोनं येतं. दहा मिनिटं संपतात. गावाचं नाव कोणतं, शतक कोणतं, ती खोली कशासाठी होती आणि आज त्या डोंगरात कोण राहतं, यातलं काहीच हाती लागत नाही.

मी ती थडगी पाहून आलो आहे. स्पॅनिश वाचता येत असल्यामुळे त्यांच्यावर जे लिहिलं गेलंय त्यातलं थोडंफार वाचलंही आहे. मी पुरातत्त्वाचा माणूस नाही, तुमचाच एक प्रेक्षक आहे. पण या जागेबद्दल मराठीत दुसरं काही सहजी सापडत नाही. म्हणजे तुम्ही सांगाल तेच आपल्याकडे तिएर्रादेन्त्रोबद्दलचं ज्ञान ठरणार. इयत्ता सातवीतलं पोर शाळेच्या प्रकल्पासाठी शोधायला बसलं, तर त्याला तुम्हीच सापडणार. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी जागा सांगतो. कोलंबियात शिरल्यावर अँडीज पर्वताच्या तीन रांगा होतात. त्यातल्या मधल्या रांगेच्या पूर्व उतारावर, देशाच्या नैर्ऋत्येला, काउका प्रांतात इन्सा नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या जवळ सान आंद्रेस दे पिसिंबाला हे खेडं. उंची साधारण दीड ते दोन हजार मीटर, कॉफी आणि केळीची शेतं, सदा ओलसर हवा. खेड्याभोवतीच्या सोंडांवर सेगोव्हिया, एल दुएन्दे, सान आंद्रेस आणि आग्वाकाते अशा चार ठिकाणी ही थडगी आहेत. एल ताब्लोन या पाचव्या ठिकाणी माणसांचे दगडी पुतळे एका छपराखाली उभे करून ठेवलेत. १९९५ साली युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला.

थडग्यांचा काळ इसवी सनाचं सहावं ते दहावं शतक. आपल्या हिशेबात सांगायचं तर, वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदलं जात होतं त्याच सुमाराला पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला हे लोकही ज्वालामुखीतून आलेल्या खडकात वरून खाली उतरत होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. मला तर हा योगायोग कुठल्याही परग्रहवासीयापेक्षा जास्त भारी वाटतो. तुमच्या एका भागाची सुरुवात म्हणून फुकट घ्या. इंका साम्राज्य उभं राहायला अजून पाचेकशे वर्षं होती, आणि उभं राहिल्यावरही ते इतक्या उत्तरेला पोहोचलं नाही. तेव्हा पडद्यावर इंकांचं पेरूतलं माचू पिच्चू दाखवून खाली ‘तिएर्रादेन्त्रो’ लिहू नका. ते कन्याकुमारीचा फोटो लावून काश्मीरची गोष्ट सांगण्यातलं आहे.

आता आत उतरू.

सेगोव्हियाच्या सपाटीवर पोहोचल्यावर आधी निराशाच होते. गवत, आणि गवतात कुलूप घातलेली झाकणं. राखणदार एकेक कुलूप काढतो, झाकण उचलतो, आणि खालून गार, मातीचा वास येतो. जिना वळत वळत किंवा नागमोडी खाली जातो. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, त्यामुळे सरळ चालत उतरणं जमत नाही. बसत, सरकत, एका हातात बॅटरी धरून उतरावं लागतं. साधारण पाच ते आठ मीटर खाली गेल्यावर खोली लागते. कधी ती लहानशी असते, तर कधी इतकी मोठी की बॅटरीचा झोत पलीकडच्या भिंतीवर फिका पडतो. सगळ्यात मोठ्या दालनांची रुंदी १२ मीटरपर्यंत आहे. मोठ्या दालनांचा आराखडा अंडाकृती, छताला घुमटासारखा किंवा घराच्या छपरासारखा उतार. भिंतीत ओळीने कोनाडे, दोन कोनाड्यांच्या मध्ये अर्धखांब, आणि त्या अर्धखांबांच्या माथ्यावर चेहरे. मधोमध खडकातच सोडलेले सुटे खांब, छताला टेकू द्यायला. भिंतीला पांढरा हात दिलेला, त्यावर लाल आणि काळ्या रेघा. एकात एक शंकरपाळ्यांच्या आकाराच्या चौकटी, समांतर पट्टे, मध्येच माणसाची आकृती, मध्येच सरड्यासारखा एखादा प्राणी.

ही नक्षी नुसती शोभेची नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं की ती त्या काळच्या घरांच्या आतल्या सजावटीची नक्कल आहे. वर, जमिनीवर ही माणसं लाकूड, माती आणि गवताच्या घरांत राहायची. ती घरं शेकडो पावसाळ्यांपूर्वीच कुजून मातीला मिळाली. त्यांचं आतलं रूप कसं असेल याचा सगळ्यात चांगला पुरावा आज जमिनीखाली, मेलेल्यांच्या खोल्यांत उरलाय. जिवंतांची घरं गेली आणि मेलेल्यांची टिकली, इतकी विलक्षण गोष्ट हाताशी असताना तुम्हाला ढोल का वाजवावे लागतात, हे मला खरंच समजत नाही.

राक्षसांचा मुद्दा निकालात काढू. पायऱ्या उंच आहेत, म्हणून त्यावरून चालणारे उंच असणार, असं तुमचं अनुमान. पण त्याच जिन्याच्या तोंडाशी माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाला अंग चोरून जावं लागतं. राक्षस तिथे कमरेतच अडकला असता. पायऱ्या उंच असण्याची कारणं साधी असू शकतात. उभ्या, अरुंद बिळातून खोल जायचं तर कमी आणि उंच पायऱ्यांत काम होतं, खडक कमी काढावा लागतो. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच सांगतो. तुम्हीही तुमचे तर्क तसेच सांगावेत एवढंच मागणं. राहता राहिला ‘लोखंड नसताना हे शक्यच नाही’ हा मुद्दा. इथला खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा नाही. ज्वालामुखीची राख साचून, दाबून झालेला हा मऊ खडक दगडी हत्यारांनी खोदता येतो. अवघड काम वेगळंच होतं: मऊ खडकात एवढं मोठं दालन पोकळ करायचं आणि वरचं छत डोक्यावर येऊ द्यायचं नाही. घुमटाकार छत, मध्ये सोडलेले खांब, आणि पाणी न साचता वाहून जाईल अशा डोंगरधारेवरची जागा, हे सगळं एकत्र पाहिलं की खोदणाऱ्यांना खडकाची नाडी कळत होती हे पटतं. चुकून कोसळल्यावर काय होतं, हेही त्यांना अनुभवानेच कळलं असणार.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

या खोल्यांत माणसाला मेल्या मेल्या आणून ठेवत नसत. आधी त्याला जवळच एका साध्या खड्ड्यात पुरत. सरळ खाली जाणारी विहिरीसारखी वाट आणि तिच्या बुडाशी कडेला कोरलेली लहान खोली, एवढंच. सोबत मडकी, दागिने, धान्य वाटायचा दगडी पाटा. मग वाट पाहायची. मांस मातीत मिसळलं, नुसती हाडं उरली की तो खड्डा पुन्हा उघडायचा, हाडं गोळा करायची, ती मातीच्या कुंभांत भरायची आणि मग समारंभाने त्या रंगवलेल्या मोठ्या दालनात नेऊन ठेवायची. जिथे आधीच आजा-पणज्यांचे कुंभ ठेवलेले असायचे. कुंभांवर साप, सरडे, गोमेसारखे किडे मातीने चिकटवून उठवलेले. सगळे जमिनीत बिळं करून राहणारे, काळोखात वावरणारे जीव. काही भांड्यांवर ठिपक्यांची नक्षी खोचून त्यात पांढरा रंग भरलेला. मोठी दालनं अशा सामुदायिक अस्थींसाठीच खोदलेली आहेत. म्हणूनच जिना लागतो. एकदा पुरून बुजवून टाकायचं असतं तर जिन्याची गरज काय होती? इथे पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा उतरावं लागणार होतं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्याकडेही माणूस एका दिवसात जात नाही. आधी अग्नी, मग तिसऱ्या दिवशी अस्थी, दहाव्याला पिंड, बाराव्याला सपिंडी. सपिंडीपर्यंत तो प्रेत असतो, त्यानंतर पितरांच्या पंगतीत बसतो. मधल्या दिवसांत तो धड इथला नसतो, धड तिथला नसतो. तिएर्रादेन्त्रोच्या माणसांनी हाच मधला काळ खडकात कोरून ठेवलाय: आधी एकट्याचा खड्डा, नंतर सगळ्यांची खोली. एक माणूस मरतो आणि कालांतराने ‘पूर्वज’ होतो. तो प्रवास त्यांनी अक्षरशः पायऱ्यांचा केला.

आणि हे आपल्या मातीतही अगदीच परकं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखालीच दफनं सापडली. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेलं, मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. इनामगावकरांनी मेलेल्यांना घरात ठेवलं, तिएर्रादेन्त्रोकरांनी मेलेल्यांसाठी घर बांधलं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, मी जोडतही नाहीय. पण इनामगावसारख्या जागेवर एक नीट व्हिडिओ करायला तुम्हाला विमानाचं तिकीटही लागणार नाही, एवढं जाता जाता सुचवतो.

याच डोंगरांच्या दक्षिणेला सान आगुस्तीन आहे. तेही त्याच वर्षी, १९९५ मध्ये, जागतिक वारसा झालं. तिथे मोठमोठी मातीची ढिगारेवजा थडगी आणि त्यात शेकडो दगडी पुतळे: सुळे दाखवणारे, अर्धे माणूस अर्धे जनावर. तुम्ही या दोन्ही जागांची चित्रं एकाच व्हिडिओत मिसळता. दिसायला ठीक, पण त्यांच्यातला फरकच सगळ्यात बोलका आहे. सान आगुस्तीनचे भव्य ढिगारे बहुधा एकेका बड्या माणसासाठी उभारलेले. पुतळे त्याच्या रुबाबाचे पहारेकरी. तिएर्रादेन्त्रोत मोठं आहे ते दालन, आणि त्यात राहतात अनेकजण. एका खोऱ्याने पुढाऱ्याचं स्मारक केलं, शेजारच्याने कुळाचं. हे जर तुमच्या प्रेक्षकाला कळलं तर तो आपल्या गावातल्या पुतळ्यांकडेही जरा वेगळं पाहील, कोण जाणे.

आता ‘एका रात्रीत गायब’. दहाव्या शतकाच्या आसपास असे भव्य भूमिगत मकबरे खोदणं थांबलं, हे खरं. पण थडगी खोदणं थांबणं म्हणजे माणसं संपणं नव्हे. तिएर्रादेन्त्रोला लागूनच ला प्लाता नदीचं खोरं आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ड्रेनन आणि त्यांच्या कोलंबियन सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शेतं, उतार, ओहोळ पायाखाली घालून खापरांची मोजदाद केली. उत्तर असं मिळालं की मोठी स्मारकं बांधणं थांबल्यावरच्या शतकांत तिथली लोकसंख्या वाढलेली दिसते. म्हणजे माणसं होती, शेती करत होती, पोरंबाळं वाढवत होती. फक्त मेलेल्यांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी एवढे कष्ट उपसणं त्यांनी सोडून दिलं. का सोडलं, हे कोडं मला तुमच्या ‘गायब’पेक्षा कितीतरी चांगलं वाटतं. कारण त्याला उत्तर असू शकतं. नवा धर्म आला असेल, मालकी कुळाकडून दुसऱ्या कोणाकडे गेली असेल, पुढाऱ्यांचा मान उतरला असेल. प्रेक्षकांना तिथपर्यंत आणा आणि तिथे सोडा. त्यांच्या बुद्धीला तेवढं झेपतं.

यापुढचा भाग तुमच्या एकाही व्हिडिओत मला दिसलेला नाही.

त्या डोंगरांत आज नासा लोक राहतात. (हे नासा म्हणजे अमेरिकेची अंतराळ संस्था नव्हे. आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या ‘थडग्यांभोवती नासाचा पहारा का?’ असा मथळा यायचा.) त्यांची भाषा नासा युवे, तिचं कुठल्याही दुसऱ्या भाषाकुळाशी नातं जुळत नाही. स्पॅनिश कागदपत्रांत त्यांना ‘पाएस’ म्हटलेलं आढळतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश फौजा या दऱ्यांत आल्या तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना अनेक दशकं सळो की पळो करून सोडलं. ला गाइताना नावाच्या स्त्रीने उठाव उभा केल्याची कथा तिथे आजही घरोघर सांगतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हुआन तामा या नासा प्रमुखाने स्पेनच्या राजाकडून आपल्या जमिनींचे लेखी दाखले मिळवले. तो ताऱ्याचा मुलगा होता, पुराच्या पाण्यातून वाहत आला आणि शेवटी एका तळ्यात निघून गेला, असं नासा परंपरा सांगते. दाखले मात्र कागदावरचे, कोर्टात चालणारे. पुराण आणि सातबारा एकाच माणसाच्या हाती, ही गोष्ट आपल्या लोकांना किती पटकन भिडेल!

पुढे बड्या जमीनदारांनी त्याच जमिनी बळकावल्या. स्वतःच्याच वडिलोपार्जित रानात राहण्याच्या बदल्यात नासांना जमीनदाराकडे वेठ करावी लागे. त्याविरुद्ध मानुएल किन्तीन लामे या नासा नेत्याने (१८८०–१९६७) आयुष्यभर लढा दिला आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. १९७१ मध्ये काउकातल्या आदिवासींनी आपली प्रादेशिक परिषद स्थापन केली आणि हळूहळू बऱ्याच जमिनी परत मिळवल्या. आज त्यांचे स्वयंसेवक, हातात फक्त काठी घेऊन, आपापल्या हद्दीची राखण करतात. बंदूकधारी टोळ्यांसमोरही काठी घेऊनच उभे राहतात.

मग ही थडगी त्यांच्या पूर्वजांची का? उत्तर सोपं नाही, आणि म्हणूनच सांगण्यासारखं आहे. मानवशास्त्रज्ञांनी टिपलेल्या नासा कथांत या गुहा ‘पिहाओ’ नावाच्या परक्या, धोकादायक लोकांच्या मानलेल्या आढळतात. तिथे विनाकारण फिरकू नये, अंगाला काहीतरी बाधतं, असं जुनी माणसं सांगत. पुरातत्त्वज्ञांतही थडगी खोदणारे आणि आजचे नासा यांच्या नात्याबद्दल एकमत नाही. दुसरीकडे आजच्या नासांसाठी हा आपल्याच भूमीचा, आपल्याच वारशाचा भाग आहे. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतातच की. भीमाने एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं, अशा कथा आपल्या गावोगावी आहेत. मी त्यांना हसत नाही. लोककथा जागेचा धाक राखते, लोकांना तिथून जरा लांब ठेवते. तुमच्या व्हिडिओतली दंतकथा नेमकी उलटं करते, आणि त्याबद्दल पुढे लिहितोच.

त्याआधी एक तारीख: ६ जून १९९४. त्या दुपारी या खोऱ्यात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आधीच्या पावसाने डोंगर भिजून जड झालेले होते. एकाच वेळी असंख्य उतार सुटले, चिखल पाएस नदीत उतरला आणि तो लोंढा खाली गावांवरून गेला. सुमारे ११०० माणसं गेली, त्यात बहुसंख्य नासा. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं माहीत असलेल्याला हे चित्र वेगळं सांगावं लागत नाही. हजारो लोकांना खोरं सोडून काउकात इतरत्र नव्याने वस्ती करावी लागली. पुढच्याच वर्षी थडग्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्या खोऱ्यात शेकडो लोकांना आपले मृत नीट पुरताही आले नव्हते, तिथेच हजार वर्षांपूर्वीच्या सुबक दफनांचा गौरव होत होता. ‘थडग्यांचा शाप’ असा मथळा यावर करू नका, हात जोडून सांगतो. शेजारीच नेवादो देल उइला हा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. डोंगर कोसळण्यामागे भूकंप, पाऊस आणि तीव्र उतार आहेत. तेवढं कारण पुरेसं आहे.

आता सोनं. कोलंबियात थडगी फोडून सोनं काढणाऱ्याला ‘ग्वाकेरो’ म्हणतात. तो तिथे पिढीजात धंदा होता. पुरातत्त्वज्ञ ग्रेगोरिओ एर्नांदेस दे आल्बा यांच्यासारखी माणसं १९३० च्या दशकात इथे पद्धतशीर काम करायला आली, तोवर ग्वाकेरोंनी किती थडगी उसवली होती याला हिशेब नाही. आग्वाकातेच्या लांबट धारेवर चालताना हे डोळ्यांना दिसतं: खड्ड्यामागून खड्डा, ढासळलेली तोंडं, पाण्याने धुतलेले रंग. काढलेल्यापैकी काही वस्तू बोगोताच्या सुवर्ण संग्रहालयात पाहायला मिळतात. इन्सा भागातला सुळे असलेल्या जनावराचा सोन्याचा मुखवटा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. सुंदर आहे, यात वादच नाही. पण तो कोणाच्या हाडांशेजारी होता, बाईच्या की पुरुषाच्या, एकट्याच्या की कुळाच्या, सोबत कोणतं मडकं होतं, हे कळलं असतं तर त्याची किंमत कितीतरी पटीने वाढली असती. सोनं उपसणारा हाडं आणि खापरं बाजूला फेकतो. आणि वर सांगितलेली दोनदा दफनाची सगळी कथा अभ्यासकांना कळली ती त्या हाडांवरून आणि खापरांवरूनच. त्या लोकांकडे लिपी नव्हती. खापर हेच त्यांचं लेखन, आणि ग्वाकेरो ते वाचायच्या आधीच फाडून टाकतो.

कोलंबियाच्या १९९१ च्या राज्यघटनेनुसार असा पुरातन ठेवा राष्ट्राचा आहे. तो विकता येत नाही. कायदा आहे, राखणदार आहेत, कुलपं आहेत. आणि तुमच्या व्हिडिओच्या शेवटी मात्र ‘आजही तिथे अब्जावधींचा खजिना दडलाय’ हे वाक्य आहे. ते ऐकून सोलापूरचा कोणी कुदळ घेऊन कोलंबियाला निघणार नाही, हे मलाही कळतं. पण जुनी वास्तू म्हणजे खजिना ही सवय लागते ती इथेच. सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही विचारा: किल्ल्यावरच्या टाक्यांशेजारी, देवळाच्या गाभाऱ्यात, समाधीच्या चौथऱ्याखाली गुप्तधनाच्या लोभाने उकरलेले खड्डे त्याने पाहिलेले असतात. नंदी उपटून बाजूला टाकलेला असतो, वीरगळ उलथलेला असतो. ते खड्डे तुम्ही खोदलेत असं मी म्हणत नाही. पण कुदळीला धार लावणारं वाक्य तुमच्या तोंडात असू नये.

तर मागणं एवढंच. या जागेवर व्हिडिओ करताना गावाचं नाव आणि शतक पहिल्या मिनिटात सांगा. दुसऱ्या जागेचा फोटो वापरू नका. जे अभ्यासकांनी शोधलंय ते शोधलेलं म्हणून सांगा, जे कळलेलं नाही ते कळलेलं नाही म्हणून सांगा, आणि मधल्या जागेत आपली कल्पना खुशाल फुलवा, पण तिला कल्पना म्हणा. सोन्याचा भाव सांगू नका. आणि नासा लोकांना वगळून या डोंगरांची गोष्ट सांगू नका; कुलपं उघडणारे, वाट दाखवणारे, जेवण घालणारे तिथलेच डोंगरवासी आहेत, त्यांना ‘गायब संस्कृतीच्या भूमीतले’ म्हणून पार्श्वभूमीला उभं करणं बरं दिसत नाही.

तुमच्यातले काहीजण फार चांगली मेहनत घेतात, हे मी जाणतो. लेण्यांवर, वीरगळांवर, बारवांवर केलेले तुमचे काही भाग मी घरच्यांना बसवून दाखवलेत. तोच हात इथे लागला तर हवाय. तिएर्रादेन्त्रोवर नवा भाग करायचा कोणाच्या मनात असेल तर स्पॅनिश मजकूर समजावून द्यायला, उच्चार सांगायला, मी काढलेले फोटो द्यायला मी तयार आहे. मोबदला नको, नावही नको. मथळा मात्र मला आधी दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपला एक प्रेक्षक

ता. क. कोणी प्रत्यक्ष जाणार असेल तर: पोपायान शहरातून बस मिळते, उंचावरचा थंड माळ ओलांडून चार-पाच तास लागतात, पाऊस असेल तर दरड कोसळून रस्ता बंदही होतो, म्हणून एक दिवस हाताशी जास्त ठेवा. सेगोव्हिया सोपं आहे. आग्वाकातेची चढण दमवते, आणि तिथल्या थडग्यांत दिवे नाहीत, तेव्हा बॅटरी स्वतःची न्या. आत फ्लॅश वापरू देत नाहीत. राखणदाराशी हुज्जत घालू नका. भिंतीला हात लावायचा मोह उतरताना हमखास होतो, कारण पायऱ्या उंच आहेत. बसून उतरा, पँट मळेल.